बिनआवाजाचा फोटो

मंडळी, आधी एक सोपा प्रश्न. दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता उचलली, तर त्याला काय म्हणतात?

काय? मोठ्यानं बोला की! लाजताय कशाला, तुम्ही कुठं उचललीय?

चोरी! बरोबर. मृदंगवाले बुवा तर दोन्ही हात वर करून 'चोरी' म्हणाले. विषयाचा अभ्यास दिसतोय!

आता दुसरा प्रश्न. वस्तू नाही उचलली. माणूसच उचलला! त्याचं तोंड, त्याचे डोळे, त्याच्या हातातली पिशवी, त्याची ती घटका — सगळं न विचारता उचललं आणि खिशात घातलं. त्याला काय म्हणतात?

बघा, गप्प झालात! अहो, त्याला फोटो म्हणतात! आणि तो उचलणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. त्याला 'ग्रुप ॲडमिन' म्हणतात! त्याचा वाढदिवस असतो, त्याला शाल-श्रीफळ मिळतं!

तर अशा एका सत्पुरुषाचं चरित्र आज लावलंय. ऐका!

माळेखिंड नावाचं गाव. तिथं अंबादास थोपटे. एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर बसायचं आणि भोंग्यातनं सांगायचं — अमुक गाडी फलाटाला लागलीय, तमुक गाडी उशिरानं धावतेय. आयुष्यभर गाड्यांची घोषणा केली. मग निवृत्त झाले. आता घोषणा कुणाची करायची? घरात करून पाहिली. 'कौसल्या, चहाची वेळ झालेली आहे!' कौसल्याकाकू म्हणाल्या, 'चहा उशिरानं धावतोय. वाट बघा.'

संपलं! माणूस रिकामा झाला.

तेवढ्यात जावई जपानहून आले. कंपनीनं पाठवलं होतं. येताना सासऱ्याला फोन आणला. काय फोन! लांबचं जवळ दिसतं, अंधारातलं उजेडात दिसतं, सुरकुतलेला माणूस गुळगुळीत दिसतो. अंबादासरावांनी 'माळेखिंड परिवार' नावाचा ग्रुप काढला. गावातले घेतले, गाव सोडून गेलेले पुण्या-मुंबईचे घेतले. आणि पुन्हा घोषणा सुरू! कुणाची म्हैस व्याली — फोटो. कुणाच्या दारात पाहुणे आले — फोटो. खाली गुलाबाची फुलं, जोडलेले हात आणि चार ओळी मजकूर. माणूस एकदम कामाला लागला हो!

फक्त एक अडचण होती. त्या फोनचा फोटो काढताना आवाज व्हायचा. साधा नाही — खचॅक! कोयत्यानं ऊस तोडावा तसा!

एरवी चालून जायचं. पण एके दिवशी गावात कोंडीबा वारले. अंगणात निजवलेले, बायका भोवती बसलेल्या. रडून रडून सगळ्यांचा आवाज बसलेला. तुळशीपाशी उदबत्ती. सगळं शांत. आणि त्या शांततेत मागनं —

खचॅक!

सगळ्या माना वळल्या. अंबादासराव फोन छातीशी धरून उभे. कोंडीबाची थोरली बहीण, म्हातारी बाई, पदरानं नाक पुसत म्हणाली, 'अंबादास, त्याला जरा हसायला सांगू का?'

हसू नका! सुतकाचं घर आहे ते!

अंबादासरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरी आले, जेवले नाहीत. आता मंडळी, मला सांगा, लाज कशाची वाटली त्यांना? मेलेल्या माणसाचा फोटो काढला याची? छे! आवाज झाला याची! आपण केलं हे वाईट नव्हे, ते लोकांना कळलं हे वाईट! हा आपला जगाचा न्याय. मी नाही केला, तुम्हीच केलाय.

दुसऱ्या दिवशी गडी तालुक्याला. मोबाइलच्या दुकानात इरफानपुढं फोन ठेवला. 'याचा गळा दाब.'

इरफाननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. 'अण्णा, याला ते बटणच नाही. फोन सायलेंट केला तरी फोटोचा आवाज येणार. तिकडचे फोन असेच असतात.'

'बिघडलाय?'

'बिघडला नाही. मुद्दाम ठेवतात. समोरच्या माणसाला कळावं, आपला फोटो निघाला म्हणून.'

अंबादासरावांना काही समजेनाच. 'कळावं? म्हणजे फोन माझा, पैसे माझ्या जावयाचे, आणि तो चुगली माझीच करणार?'

बरोबर आहे की हो! नोकर आपला असावा आणि त्यानं पाहुण्यांना सांगावं — मालक तुमच्या पिशवीत डोकावताहेत! असला नोकर ठेवतं का कुणी?

'एक उपाय आहे,' इरफान म्हणाला. 'दुसरा कॅमेरा टाकून देतो यात. ॲप असतं. त्याला आवाजच नाही.'

'काही वाईट नाही ना त्यात?'

'आता ते तुम्ही बघायचं, अण्णा. मी फक्त टाकून देतो.'

टाकलं. दुकानातच अंबादासरावांनी पहिला फोटो इरफानचाच काढला. इरफान खाली मान घालून कुणाचातरी फोन उघडत होता. त्याला कळलंही नाही! अंबादासरावांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. मंडळी, भल्याभल्या तपस्व्यांना मिळत नाही ती सिद्धी — आपण सगळ्यांना बघायचं आणि आपण कुणाला दिसायचं नाही — ती यांना तालुक्याच्या दुकानात उभ्या उभ्या मिळाली!

मग काय विचारता! भजनात डुलकी घेणारा टाळकरी टिपला. पहिल्यांदा सासरी निघालेली पोर, आईच्या गळ्यात पडलेली — टिपली. दवाखान्याच्या बाकावर रिपोर्ट हातात घेऊन बसलेला शेजारी टिपला, आणि खाली लिहिलं, 'लवकर बरे व्हा.' तो बिचारा घरी पोचायच्या आधी त्याची बायको ग्रुपवर वाचून रडत बसलेली! पण हेतू बघा हो. हेतू किती शुद्ध! फुलं टाकली होती. हात जोडले होते!

कौसल्याकाकू म्हणाल्या, 'अहो, लोकांना विचारत तरी जा.'

'विचारलं की माणूस सावध होतो,' अंबादासराव म्हणाले. 'पदर सारखा करतो, बटणं लावतो. मग फोटो खरा येत नाही.'

ऐकलंत? खरेपणासाठी चालली होती ही सगळी साधना!

आता, आळीतलं दुसरं घर दाखवतो तुम्हाला. सावकाश चला माझ्याबरोबर.

अंबादासरावांच्या घरापासून चार दारं सोडून गेनूतात्या वाघोल्यांचं घर. तात्या आणि त्यांची बायको मथुराबाई. दोघंच. मुलगा विलास पुण्यात, चांगली नोकरी, नवव्या मजल्यावर फ्लॅट. पोरगा गुणाचा. दर रविवारी फोन. 'आई, कशी आहेस?'

आणि आई कशी होती? संक्रांत झाली आणि मथुराबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड. डॉक्टर आले, म्हणाले या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, पडून राहावं लागेल. तेव्हापासून बाई खाटेला लागलेली. तात्या तिचं सगळं करायचे. सगळं म्हणजे सगळं, मंडळी. वेणी घालायलासुद्धा शिकले. वाकडी घालायचे, पण घालायचे!

विलासला सांगितलं नव्हतं. मथुराबाईंनीच शपथ घातली होती. 'त्याला कळलं तर तो गाडी घेऊन येईल, आणि मला त्या हवेतल्या घरात नेऊन ठेवील. मला हितंच राहायचंय. हितं पडल्या पडल्या मला आळीतल्या समद्यांचे पाय ऐकू येत्यात. कोण चाललंय ते कळतंय.'

रविवारी फोन यायचा. बाई खाटेवर उताणी. तात्या फोन कानाला लावून धरायचे. आणि ती काय म्हणायची? 'विलास, नंतर बोलते रं, तवा तापलाय! भाकरी करपंल!'

तवा कुठला, भाकरी कुठली! भाकरी शेजारणी द्यायच्या, आळीपाळीनं. सगळ्या आळीला ठाऊक होतं. लहान पोरांना ठाऊक होतं. आणि सगळी आळी गप्प होती. अहो, ज्या आळीत कुणाच्या घरी काय शिजलं ते पलीकडच्या गावाला आधी कळतं, ती आळी महिने न् महिने गप्प! असं कायमचं लपवायचं नव्हतं. तात्यांनी ठरवलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विलास आला की त्याला ओसरीवर बसवायचा, पाणी द्यायचं, आणि मग शांतपणे सांगायचं. हट्ट आईचा होता, पण सांगायचं बापानं होतं.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, 'बुवा, पोटच्या पोरापासून लपवायचं म्हणजे चूकच की!' असेल. मी कुठं नाही म्हणतो? पण ती चूक कुणाची होती? त्यांची! आणि ती दुरुस्त करायची पाळीही त्यांचीच होती.

अंबादासरावांना हे ठाऊक होतं का? होतं! कौसल्याकाकूंचीच तर मंगळवारची भाकरी असायची.

चैत्रात भैरोबाच्या देवळात सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी महाप्रसाद. दुपारची वेळ. मांडवाला पिवळं कापड, त्यातनं ऊन खाली झिरपतंय, सगळी पंगत हळद लावल्यासारखी दिसतेय. भात, आमटी, वांग्याची भाजी, लापशी. तात्या जेवले. उठले. इकडं तिकडं बघितलं. काखेतल्या पिशवीतनं हळूच डबा काढला आणि वाढणाऱ्या, आळीतल्याच विमलपुढं धरला. विमलला काही सांगावं लागलं नाही. तिनं डबा भरला, वर लापशीचा एक जास्तीचा डाव टाकला. मथुराबाईंना लापशी आवडायची.

तात्या हसले. दात नसलेलं हसू. डबा दोन्ही हातांत धरलेला, पांढऱ्या दाढीच्या खुंटांवर ते पिवळं ऊन, आणि डोळ्यांत — काय सांगू — लग्नातला लाडू बायकोसाठी चोरून नेणाऱ्या नवऱ्या मुलाचे डोळे!

मंडळी, देखणा होता हो तो क्षण. मी असतो तर नुसता बघत बसलो असतो. अंबादासराव खांबाआड होते. त्यांनीही बघितला. पण आधी फोनमधनं बघितला! बोट टेकवलं. आवाज? काही नाही. विमल वळली नाही. तात्या वळले नाहीत. डबा पिशवीत गेला, तात्या घरी गेले.

आणि तात्या फाटकापर्यंत पोचायच्या आत तात्या पुण्यात पोचले, मुंबईत पोचले, सुरतेला पोचले! खाली मजकूर — 'प्रसादाची गोडी अवीट! आमचे लाडके गेनूतात्या.' फुलं. हात.

वाहवा सुरू झाली. 'काय टिपलाय, अंबादासकाका!' 'हा फोटो स्पर्धेला पाठवा!' अंबादासराव लापशीही न खाता वाहवा खात बसले. आणि त्या वाहवेच्या रांगेत तात्यांच्या मुंबईच्या एका भाच्यानं, ज्याला दुखणं ठाऊक होतं पण शपथ नाही, लिहिलं — चांगल्या मनानं हो, सगळे चांगल्याच मनाचे! — 'मामींसाठी डबा नेताय ना तात्या? मामी लवकर उठून बसू देत हीच भैरोबाचरणी प्रार्थना.'

खाली लगेच एक ओळ आली. विलासची.

'कुणाला काय झालंय?'

फुलं थांबली. हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत गाडी आली. विलास उतरला, चपला न काढता आत गेला. आळी दारादारात उभी. आतनं आधी ओरडणं ऐकू आलं. मग ओरडणं थांबलं, आणि पन्नाशीचा बाप्या माणूस लहान पोरासारखा रडताना ऐकू आला. 'आई, तवा तापलाय म्हणत होतीस ना गं? तवा तापलाय म्हणत होतीस...'

मथुराबाईंनी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला.

दुपारी दोघांना घेऊन पुण्याला निघायचं ठरलं. अंबादासरावही आले. यायलाच हवं, गावात गाडी आलीय! विलास त्यांना बघून पुढं आला आणि सगळ्यांसमोर त्यांचे हात धरले. 'काका, तुमचे उपकार झाले. तुमच्या फोटोमुळं कळलं. नाहीतर ही दोघं मला परकाच ठेवणार होती.'

झालं! अंबादासरावांची छाती अशी — पेटीच्या भात्यासारखी — फुगली. मनात आलं, आता या क्षणाचा कुणीतरी फोटो काढायला हवा!

आणि तेवढ्यात चौघांनी मथुराबाईंना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. किती दिवसांनी उन्हात आलेली ती बाई. डोळे किलकिले करून आळीकडं बघत होती. एकेक दार, एकेक तोंड. विमल, कौसल्या, पलीकडची पोरं. बघता बघता नजर अंबादासरावांवर आली. त्यांच्या हातातल्या फोनवर आली. आणि मंडळी, त्या बाईनं काय करावं?

पदर ओढला आणि तोंड झाकून घेतलं.

जिला आळी शेवटचं डोळे भरून बघायची होती, ती तोंड झाकून गाडीत बसली.

अंबादासरावांचा हात आपोआप खाली आला. फोन सदऱ्याच्या खिशात गेला. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना 'नको' म्हटलं होतं, आणि तेही न बोलता.

मागनं तात्या आले. हातात कपड्यांची पिशवी. अंबादासरावांपाशी थांबले. अंबादासरावांना वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! तात्यांनी शांतपणे विचारलं,

'अंबादासा, कवा काढलास रं फोटो?'

'पंगतीत, तात्या. तुम्ही डबा घेत होता तेव्हा.'

'मला काय ऐकू आलं न्हाई.'

'आवाज बंद करून घेतलाय मी.'

'आवाज आला असता तर मी मागं वळलो असतो. म्हणलो असतो, नको रं, ह्यो ठेवू नकोस. एवढंच.' आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'तू माझं ऐकलं असतंस.'

ऐकलं असतंस! चिडून नाही. खात्रीनं! ज्यानं वाटोळं केलं त्याच्यावर विश्वास ठेवून म्हातारा गाडीत जाऊन बसला.

अंबादासराव घरी आले. फोटो पुसला. ग्रुपवरनं काढला. ॲप काढून टाकलं. कौसल्याकाकू पोळपाट धूत होत्या, मागं न वळता म्हणाल्या, 'पुसलात? छान. माझ्या फोनवर आहे. माझ्या बहिणीनं तर तात्यांना आणखी तीन ग्रुपवर पाठवलंय. सगळ्यांना फार आवडलाय.'

कुठं कुठं पुसणार? उंबऱ्याबाहेर गेलेला माणूस असा रबरानं पुसून परत येतो होय?

पुढं पावसाळा सरता सरता अंबादासराव पुण्याला गेले. एकटेच. बरोबर कौसल्याकाकूंनी दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा. लिफ्टनं वर गेले. आता खरं सांगायचं तर मथुराबाई तिथं मजेत होत्या. सूनबाई भली. व्यायाम शिकवायला एक मुलगी रोज यायची, तिच्यामुळं बाई उशीला टेकून बसायला लागलेल्या. वेणी सरळ होती. अंगावर मांस आलं होतं. विलासचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, मंडळी, तुम्हीही म्हणू नका. फक्त खिडकीबाहेर आभाळ होतं आणि पावलं कुणाचीच नव्हती. तात्या बाजूच्या खुर्चीत पेंगत होते.

अंबादासराव बसले. सवयीनं हात खिशात गेला. फोन निघाला. पण या वेळी हात वर गेला नाही. मांडीवरच राहिला.

'वैनी,' घसा खाकरून म्हणाले, 'आळीतल्या बायकांना दाखवायला तुमचा एक फोटो काढू का?'

मथुराबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. आणि म्हणाल्या, 'नको.'

बास. नको!

अंबादासराव वाट बघत राहिले, आता पुढं काय होतंय. आभाळ कोसळतंय का! काही झालं नाही हो. फोन खिशात गेला. पंखा फिरत होता तसा फिरत राहिला. आणि मथुराबाई उशीवर सावरून बसल्या, म्हणाल्या, 'त्यापरीस ह्ये सांग, विमलच्या पोरीचं जमलं का? आन् रामोश्याच्या घराम्होरं ती खड्ड्याची जागा बुजवली का न्हाई कुणी?'

मग अंबादासराव सांगत बसले. दारादाराचं सांगितलं. सूनबाईंनी दोनदा चहा केला. तात्या जागे झाले, तेही ऐकत बसले. मथुराबाई हसल्या, एकदा रडल्या, ठेच्याचा तिखट घास खाऊन परत हसल्या. आणि अंबादासराव समोर बसून ते सगळं नुसतं बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना कधी कळलं नव्हतं, वैनी हसताना एक डोळा बारीक करतात!

गावी परतले तेव्हा बायका जमल्या. 'कशा आहेत हो? फोटो दाखवा की!'

'काढला नाही,' अंबादासराव म्हणाले. 'नको म्हणाल्या.' मग ओसरीवर बसले आणि तोंडानं सांगायला लागले. कशा बसतात, काय खाल्लं, कुणाचं काय विचारलं. विमलचं विचारलं म्हटल्यावर विमल पदर तोंडाला लावून आत गेली. कुठल्या फोटोनं असं झालं असतं?

तर मायबाप, आता तुमच्याकडं येतो. घाबरू नका, तुमचे फोन जपानचे नाहीत! तुमच्यात आवाजाचं बटण आहे, आणि ते तुम्ही कधीच बंद करून ठेवलंय, दुकानात जायचीसुद्धा गरज पडली नाही. काय नशीबवान पिढी आहे! माझं म्हणणं असं नाही की आवाज चालू करा. आवाज काय, यंत्र करतं. माणसानं नुसतं तोंड उघडून विचारायचंय — काढू का? इतकंच. आणि 'नको' आलं तर ते कानात जाऊ द्यायचं. तुम्हाला वाटतं फोटो गेला. गेला तर गेला! समोरचा माणूस तर जागेवर आहे ना? जरा त्याच्याकडं बघा की, फुकट आहे!

ते तिसऱ्या रांगेतले पाहुणे मघापासून फोन वर धरून बसलेत. माझं कीर्तन टिपताय? टिपा, माझी ना नाही, मी चौकात उभा राहून बोलणारा माणूस. पण तुमच्या डाव्या हाताला त्या माउली डोळे पुसत बसल्यात, आणि मी मथुराबाईंचं सांगत होतो तेव्हा तुमचा फोन हळूच तिकडं वळला होता. मी इथनं बघितलं. त्यांना विचारलंत? नाही ना? मग आधी त्यांच्याकडं वळा आणि विचारा. आम्ही सगळे थांबतो. पेटीवाले, सूर धरून ठेवा.

विचारलंत? काय म्हणाल्या?

नको म्हणाल्या! वा! ठेवा मग खिशात. आता गजर करायचाय, टाळ्यांना दोन्ही हात लागतील. घ्या सूर — विठ्ठल विठ्ठल!